बॅटऱ्यांच्या खोलीतली आरती

लग्नात आलेली माझी सगळी लुगडी पहिल्याच वर्षात चाळणी झाली. वापरून विरली असती तर मला काही वाटलं नसतं. पण ती ॲसिडने खाल्ली. कपडा धुताना चांगला दिसायचा, वाळत घातला की त्याला मोहरीएवढी भोकं दिसायची आणि पुढच्या धुण्यात त्या भोकांतून बोट जायचं. माहेरी गेले की आई विचारायची, तुमच्याकडे उंदीर फार झालेत का गं? मी हो म्हणायचे. जावयाच्या धंद्याने मुलीची लुगडी खाल्ली हे तिला कुठे सांगत बसू?

आमचं घर ठाण्याला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. पुढे पडवी, मागे अंगण आणि विहीर, आणि पडवीला लागून एक चिंचोळी खोली, तिची खिडकी मागच्या अंगणात उघडणारी. त्या खोलीत यांनी मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा धंदा मांडला होता. पन्नास सालानंतरचा तो काळ. आग्रा रोडवर लॉऱ्या वाढायला लागल्या होत्या, डोंबिवली-कल्याणकडे एखाददुसऱ्या डॉक्टरकडे किंवा सावकाराकडे मोटार आली होती, आणि मोटार आली की तिची बॅटरी उतरणं हेही आलंच. बॅटरी उतरली की ती एवढी मोठी मोटार दारात नुसती उभी. हँडल मारून मारून ड्रायव्हरचे खांदे निखळायची वेळ यायची. मग कोणीतरी ती जड बॅटरी पोत्यात घालून, डोक्यावर किंवा टांग्यातून आमच्या पडवीत आणून आदळायचं आणि म्हणायचं, "उद्या सकाळी पायजे हां, मालक."

उद्या सकाळी कशी मिळणार? बॅटरी भरायला तिचा वेळ लागतो. घाई करून जास्त करंट सोडला तर ती तापते, आतल्या पट्ट्या वाकतात. हे बिचारे प्रत्येकाला तेच तेच समजावत बसायचे. गिऱ्हाईक मात्र भावात घासाघीस करायचं. "वीज तर तारेतनं येते, तुमचं काय जातं?" आमचं काय जात होतं ते मला विचारायला हवं होतं. विजेचं बिल जायचं, ॲसिड जायचं, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी केमिस्टकडून बाटलीने आणावं लागायचं. आमची विहीर खाडीच्या अंगाची, पाणी मचूळ. ते चुकून बॅटरीत गेलं तर बॅटरी कामातून जायची. म्हणून पावसाळ्यात अंगणाच्या मधोमध चिनीमातीच्या बरण्या मांडून वरचं पाणी धरून ठेवायचं. त्यात सासूबाईंच्या लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या. तो राग त्यांनी बरीच वर्षं जपला.

सासूबाई कोकणातल्या, लवकर विधवा झालेल्या, एका मुलाला एकटीने वाढवलेल्या. घरात त्यांचा शब्द चालायचा आणि चालायलाही हवा होता, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. मला त्यांनी एकच मानाचं काम दिलं होतं, तिन्हीसांजेचा दिवा लावायचं. लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी काड्यापेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजपासून हे तुझं." बाकी स्वयंपाकात, धुण्यात, बोलण्यात माझं काही ना काही चुकायचंच, दिव्यात कधी चुकलं नाही.

आता त्या खोलीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बॅटरी चार्ज होताना तिच्या वरची बुचं काढून ठेवतात. आतलं पाणी बारीक बारीक बुडबुड्यांनी उकळल्यासारखं दिसतं आणि त्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंबट वास येतो तो ॲसिडचा, त्या वायूचा नव्हे. खोलीची खिडकी सताड उघडी असेल तर तो निघून जातो. खोली बंद असेल तर तो साठतो आणि मग एखादी ठिणगीही पुरते. हे मला कळलं ते नवीन असताना. वीज गेली म्हणून मी कंदील घेऊन त्या खोलीत निघाले, तेव्हा हे अंगणातून धावत आले आणि माझ्या हातून कंदील हिसकावून घेतला. एरवी आवाज न चढवणारा माणूस माझ्यावर ओरडला. मग सगळं समजावलं. त्यानंतर मी ती खोली झाडायलासुद्धा गेले तरी आधी खिडकी बघायची.

दारावर यांनी एक पाटी लावली होती. 'आत विडी-काडी बंद.' आईला वेगळं सांगायची गरज यांना वाटली नसावी. सासूबाई त्या खोलीत पाऊलच टाकत नसत. त्यांच्या मते तिथे विटाळ होता.

त्या वर्षी खंडेनवमीला मात्र त्यांनी ठरवलं की बॅटऱ्यांची पूजा करायची. नवमीला ज्याच्या जीवावर घर चालतं ती हत्यारं, अवजारं पुजायची. सुताराने करवत पुजायची, कारकुनाने दौत. आमचं घर बॅटऱ्यांवर चालत होतं. इतकी वर्षं हे फक्त पाना-पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. सासूबाईंचं म्हणणं, "पक्कड काय खायला घालते? खायला घालतं ते आत बुडबुडतंय." त्यात चूक काही नव्हती, उलट मला ते आवडलंच. विटाळलेली खोली त्या दिवशी देवघराच्या पंगतीला बसणार होती.

पूजेआधी चार्जर बंद करून बॅटऱ्यांना विसावा द्यायचा, असं मायलेकांचं ठरलं होतं. पण डोंबिवलीच्या एका डॉक्टरची बॅटरी दसऱ्याच्या सकाळी द्यायचा शब्द गेला होता आणि ती अजून अर्धीच भरली होती. हे म्हणाले, "आई, पूजा संध्याकाळी करू. तोवर ही भरू दे, मी डोंबिवलीला दुसऱ्या गिऱ्हाइकाची भरलेली बॅटरी पोचवून येतो." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत की त्यांनी मान्य केलं असं हे धरायचे. जन्मभर धरत आले.

हे गेले. मी स्वयंपाकाला लागले. मला दिवस राहिले होते, पण ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा सगळ्यांना लवकर सांगून बसले होते आणि नंतर प्रत्येकीला वेगवेगळं सांगत फिरावं लागलं. या वेळी चांगला जम बसू दे, मग बोलू, असं मी ठरवलं होतं. फोडणीचा वास सोसत नव्हता, तरी पुरण शिजवत होते.

नैवेद्याचं ताट वाढून झालं तेव्हा सासूबाईंची हाक आली, "ताट इकडे आण गं, पूजा उरकून घेऊ. दुपार टळली की नैवेद्याला अर्थ नाही." मी दोन्ही हातांत ताट धरून पडवीत आले. शेजारच्या दोघी जणी आरतीला येऊन उभ्या होत्या. बॅटऱ्यांच्या खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी. दार लोटलेलं. सासूबाईंच्या हातात ताम्हन आणि ताम्हनात पेटलेलं निरांजन. आतून चार्जरची गुणगुण ऐकू येत होती.

"आई, आत खिडकी उघडी आहे ना?" मी विचारलं.

"लावून घेतली सकाळीच. केवढा वारा येतोय. निरांजन टिकेल का?"

यांना जाऊन किती वेळ झाला होता, बॅटऱ्या किती होत्या, बुचं सगळी उघडी होती, खोली तेवढीशी. हे सगळं एकदम डोक्यात आलं.

"आई, आत ज्योत नेऊ नका. भडका उडेल."

"शुभ बोल. आज नवमी आहे."

"अहो, पाटी लिहिलीये दारावर."

"ती पाटी विडीवाल्यांसाठी. देवाच्या दिव्याला कसली गं बंदी? हो बाजूला."

शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. सासूबाईंनी डाव्या हाताने दार ढकललं. दाराच्या फटीतून तो आंबट वास आला आणि निरांजनाची ज्योत आतल्या बाजूला झुकली. माझे दोन्ही हात ताटाखाली गुंतलेले. मी वाकले आणि जोरात फुंकर मारली.

ज्योत गेली. वातीतून धूर निघाला. देवाचा दिवा कोणी 'विझला' असंसुद्धा म्हणत नाही, 'शांत झाला' म्हणतात, आणि मी नवमीच्या दिवशी, भरल्या घरात, आरतीच्या तोंडावर तो तोंडाने फुंकला होता. एक शेजारीण तोंडाला पदर लावून निघूनच गेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ताम्हन घेऊन त्या देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी ताट खाली ठेवलं, आत जाऊन खिडकी उघडली, आणि खिडकीशी उभी राहून रडले. भीतीने रडले की संतापाने, ते मला आजही सांगता येत नाही.

हे संध्याकाळी आले. मला वाटलं, आता सगळं सरळ होईल. ज्याने मला कंदिलावरून झापलं होतं तो माणूस आईला दोन वाक्यांत समजावेल. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, म्हणजे काय होणार होतं ते त्यांना नीट कळलं होतं. आणि मग हे म्हणाले, "बरं, झालं ते झालं. आता सणाच्या दिवशी विषय नको."

इतका राग मला उभ्या आयुष्यात कोणाचा आला नाही. गिऱ्हाइकाला बॅटरीतल्या पाण्याच्या पातळीवर पाऊण तास व्याख्यान देणारा माणूस, आईसमोर त्याची दातखीळ बसली! मी एकटी असताना म्हणाले, "सांगेन गं. आत्ता ती ऐकायच्या मनःस्थितीत नाही." ती मनःस्थिती काही येईना. आणि माझ्या बाजूने पुरावा तरी काय होता? घर जागच्या जागी होतं, खोली होती, सासूबाई धडधाकट होत्या. काही घडलंच नव्हतं. मी फुंकर मारली एवढंच घडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेचा दिवा सासूबाई स्वतः लावू लागल्या. काड्यापेटी त्यांच्या कनवटीला गेली. दिवाळीत मी पणत्या घासल्या, वाती वळल्या, तेल घातलं, आणि पेटवायच्या वेळेला त्यांनी मला आत लाडू वळायला पाठवलं.

दिवाळीनंतर दिवस लपवणं शक्य नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कितवा?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर मागे मोजलं. नवमीपाशी येऊन बोट थांबलं ते मी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि त्या उठून गेल्या. मला काय समजायचं ते मी समजले. आता या मुलाला काही झालं, तर ते मी फुंकलेल्या दिव्यामुळे झालं, असं ठरणार. आणि झालं नाही तरी, व्हायचं आहे म्हणून त्या वाट बघणार.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. वायू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, दिव्याचा आणि गर्भाचा काही संबंध नाही हेही ठाऊक होतं. तरी पोटात जरा काही हललं किंवा हललं नाही, की मला तो वातीतून निघालेला धूर दिसायचा. विहिरीवर बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. सासूबाईंनी सोमवार धरले. अळणी जेवायच्या, कोणाला कारण सांगायच्या नाहीत. माझ्या नावाने चाललेलं ते प्रायश्चित्त बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. गुन्हेगार मी, आणि उपास त्यांचे!

मार्गशीर्षात एका दुपारी पोटात कळ आली. आदल्या वर्षी आली होती तशीच, कमरेतून सुरू होणारी. मी भिंतीला धरून खाली बसले. सासूबाईंनी मला चटईवर निजवलं, पायांखाली उशी दिली, सुईणीला बोलावलं. सुईण बघून म्हणाली, "काय नाय झालेला. पर उठू देऊ नका हिला, जड उचलू देऊ नका." ती गेल्यावर सासूबाई माझे पाय चेपत बसल्या. त्यांनी कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मी पाय ओढून घ्यायला गेले तर त्यांनी घट्ट धरून ठेवले.

पाय चेपता चेपता त्या म्हणाल्या, "एक विचारू? दिवा फुंकलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

"तुम्ही जळाल. एवढंच होतं."

"खरंच जळले असते?"

"तोंडावर आलं असतं, आई. ॲसिडसकट."

त्या पाय चेपत राहिल्या.

दोनचार दिवसांनी मी उठून फिरायला लागले. त्या सकाळी हे भरलेल्या बॅटऱ्या घेऊन कल्याणला गेले. खोलीत एकच जुनी बॅटरी चार्जिंगला राहिली होती, मालकाने टाकून दिलेली, हे तिच्यावर काहीबाही करून बघायचे. यांचं पाऊल बाहेर पडलं आणि सासूबाईंनी त्या खोलीची खिडकी लोटून घेतली, दार लावलं. मला त्यांचा बेत कळेना. दुपारपर्यंत त्यांनी स्वयंपाक केला, मला वाढलं. मग जास्वंदीची फुलं काढायची लांब काठी घेतली, तिच्या टोकाला तेलात भिजवलेलं फडकं गुंडाळलं.

"आई, हे काय करताय?"

"बघणार आहे. तू विहिरीपाशी जाऊन उभी राहा. विहिरीच्या पलीकडे. आणि कानांवर हात ठेव."

"अहो, नको. खरं आहे ते, मी सांगते ना."

"जा म्हटलं ना!"

त्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही. मी विहिरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी फडकं पेटवलं. भिंतीला पाठ लावून, खिडकीच्या बाजूला उभ्या राहून एका हाताने झडप ढकलली आणि दुसऱ्या हाताने काठी आत घातली.

आवाज फटाक्यासारखा झाला नाही, कोणीतरी दारावर जोरात लाथ मारावी तसा झाला. खिडकीची झडप भिंतीवर आपटली, विहिरीच्या काठावरचे कावळे उडाले. काठी त्यांच्या हातातून पडली. मी धावले, धावायचं नाही हे विसरून धावले. आधी मुख्य बटण बंद केलं. बॅटरीचं काळं खोकं उभं चिरलं होतं, भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत ओले शिंतोडे उडाले होते आणि चुना फसफसत होता. निरांजन घेऊन कोणी तिथे वाकलं असतं तर त्याचं तोंड नेमकं त्या उंचीवर आलं असतं.

सासूबाईंच्या हातावर चार थेंब उडाले होते. मी स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणला, पाण्यात कालवला आणि त्यांचा हात घंगाळात धरून धुवायला लागले. त्या खिडकीतून आत बघत होत्या, भिंतीकडे. मी म्हटलं, चुरचुरतंय का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओला हात घंगाळातून काढला आणि माझ्या खांद्यावर जोरात चापट मारली.

"पोटुशी होतीस ना तू तेव्हा? माहीत होतं ना तुला? मग पुढे कशाला आलीस? मी म्हातारी, मी गेले असते तर गेले असते. तू त्या दारात तोंड घालून उभी राहिलीस माझ्यापुढे! अक्कल आहे का तुला?"

आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की तांदूळ निवडताना त्यांचा रंग का उतरला होता आणि ते अळणी सोमवार कोणासाठी होते. त्या माझ्या मुलाच्या काळजीने झिजत होत्या आणि मी त्यांचं प्रत्येक पाऊल माझ्याविरुद्ध मोजत होते. मी त्यांचा हात परत पाण्यात धरला.

हे कल्याणहून आले आणि दारातच थबकले. "हे कोणी केलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तुला हे असं होतं ते माहीत होतं?"

"हो, म्हणजे..."

"आणि नवमीपासून तू गप्प बसलास."

यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, हा क्षण आला की माझा जीव थंडावेल. तसं काही झालं नाही. मला तिघांचीही कीव आली.

मुलगी वैशाखात झाली, सुखरूप. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्यांच्या हातावरचे ते पांढुरके डाग तिच्या कुंचीवर टेकलेले मला अजून दिसतात. पण माझ्या मनात जास्त घर करून आहे ती स्फोटाच्या दिवसाची तिन्हीसांज. दिवेलागण झाली. मी सवयीने आत वळले, तशी सासूबाईंनी हाक मारली. कनवटीची काड्यापेटी काढली आणि माझ्या हातात ठेवली. दोन काड्या माझ्या हातून मोडल्या. तिसरी पेटली. देवघराची खिडकी उघडी होती आणि वारा होता, वात काही धरेना. मी खिडकी लावायला हात पुढे केला.

"राहू दे उघडी," सासूबाई म्हणाल्या, आणि फडकं बांधलेला हात त्यांनी ज्योतीच्या आड धरला, वात नीट पेटेपर्यंत.